गाडीचं ॲव्हरेज नेमकं कसं मोजायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी गाडी दारात उभी राहिली की पेढा तोंडात असतानाच पहिला प्रश्न येतो, "किती देते?" उत्तरही ठरलेलं, "गावात पंधरा, हायवेला वीस." हे आकडे कुठून आले म्हणून खोदून विचारलं, तर कुणी डॅशबोर्डकडे बोट दाखवतो आणि कुणी दोन हजारांचं पेट्रोल आठवडाभर पुरतं, असा हिशेब सांगतो. मी गेली काही वर्षं पेट्रोलची वही ठेवतो. त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे प्रश्न माझ्याकडेच येतात. खालची उदाहरणं माझ्या 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅकची आहेत. टाकी 37 लिटरची, गाडी पुण्यात असते.

टाकी ते टाकी म्हणजे नेमकं काय करायचं?

टाकी फुल्ल करा, नोझल आपोआप बंद होईल तिथपर्यंत. ओडोमीटरचं रीडिंग लिहून ठेवा. किती लिटर गेलं ते या वेळी हिशेबात धरायचं नाही, ही फक्त सुरुवातीची खूण. मग नेहमीसारखी गाडी चालवा. टाकी पाऊण रिकामी झाली की त्याच पंपावर, जमल्यास त्याच मशीनवर, गाडी त्याच दिशेला तोंड करून लावून पुन्हा फुल्ल करा. आता जेवढे लिटर गेले तेवढे तुम्ही जाळलेत. मधल्या किलोमीटरना त्या लिटरनी भागा.

पावती घ्या. पैशांचा आकडा कामाचा नाही, कारण 2017 च्या जूनपासून दर रोज बदलू शकतो. पावतीवर दोन दशांशांपर्यंत लिटर असतात, ते हवेत.

एका टाकीत उत्तर मिळेल ना?

मिळेल, पण त्यावर पैज लावू नका. हे माझ्या वहीतलं एक पान:

41,208 – फुल्ल (सुरुवात)
41,633 – 28.46 लिटर – 14.93
42,119 – 27.12 लिटर – 17.92
42,540 – 26.90 लिटर – 15.65
43,012 – 28.74 लिटर – 16.42

गाडी एक, चालवणारा एक, ऑफिसचा रस्ताही तोच. फक्त तिसऱ्या ओळीत साताऱ्याची एक फेरी आहे. तरी पंधराच्या आतून अठराच्या जवळ उडी? दुसऱ्या ओळीच्या वेळी नेहमीच्या पंपावर टँकर खाली होत होता म्हणून मी पुढच्या पंपावर गेलो. तिथली फरशी उतरती होती, गाडी नाकाकडून खाली झुकलेली होती. माझ्या अंदाजाने तिथे नेहमीपेक्षा दीडेक लिटर जास्त मावलं. त्या जादा पेट्रोलचा भुर्दंड दुसऱ्या ओळीला बसला आणि त्याचा फुकट फायदा तिसऱ्या ओळीने घेतला. दीड लिटर इकडचं तिकडे केलं, तर तेच आकडे 15.76 आणि 16.98 होतात. तिथे मात्र साताऱ्याचा रस्ता दिसतो.

आता चारही टाक्या एकत्र करा. 1,804 किलोमीटर, 111.22 लिटर, म्हणजे 16.22. मधल्या पंपाने केलेली गडबड इथे आपोआप मिटते, कारण एका ओळीत जास्त आलेलं पुढच्या ओळीत कमी होतं. चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्यात. समजा, या दोन टोकांमध्ये मिळून एका लिटरचा घोळ झाला. 28 लिटरच्या एका टाकीत तो साडेतीन टक्के होतो आणि 111 लिटरमध्ये एक टक्क्याच्या आत येतो.

म्हणून मला कुणी एका टाकीचा आकडा सांगितला तर मी "वा!" म्हणतो आणि चार टाक्यांचा विचारतो.

मी दर वेळी हजाराचंच पेट्रोल टाकतो. मग मला मोजता येणार नाही?

येईल की! बहुतेकांचा गैरसमज इथेच आहे. मधली प्रत्येक भरणी फुल्ल असायची गरजच नाही. सुरुवात फुल्ल, शेवट फुल्ल आणि मधल्या काळात गाडीत गेलेला प्रत्येक थेंब वहीत, एवढं पाळलं की झालं. मधे पाचशेचं टाका, हजाराचं टाका, लिटर लिहा. शेवटी बेरीज करायची. फक्त एकही पावती चुकता कामा नये. मुलगा गाडी घेऊन गेला, त्याने तीनशेचं टाकलं आणि सांगायला विसरला, की महिन्याची वही वाया.

कट-ऑफ झाल्यावर वरपर्यंत भरलं तर जास्त अचूक येईल का?

मलाही तसंच वाटायचं. पहिल्या वर्षी मी पंपावरच्या पोऱ्याला "दादा, गळ्यापर्यंत येऊ दे" म्हणायचो. तोही बिचारा नोझल टिकटिक करत आणखी दीड-दोन लिटर घालायचा. दोन-तीन महिन्यांनी पेट्रोल भरून निघताना गाडी एका सेल्फला सुरू होईना आणि मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येऊ लागला. गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली, एक काळा डबा काढून माझ्या नाकाशी धरला आणि विचारलं, "साहेब, टाकी उतू जाईस्तोवर भरता का?" तो कॅनिस्टर होता. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या दाण्यांत अडवून ठेवणारा डबा. त्यात वाफ जायला हवी, मी पेट्रोल पाजलं होतं. नवा बसवायला जे पैसे गेले, त्यात त्या महिन्याचं पेट्रोल आलं असतं.

शिवाय त्याने अचूकता वाढत नाहीच. गळ्यापर्यंत म्हणजे कुठपर्यंत, हे त्या दिवशी नोझल धरणाऱ्याच्या मनावर असतं. पहिला खटका झाला की थांबायचं.

पण पहिला खटकाही दर वेळी एकाच पातळीला होतो का?

नाही. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल वाहत असताना नोझलच्या आत ओढ तयार होते आणि त्या छिद्रातून हवा आत खेचली जाते. टाकीतलं पेट्रोल चढून छिद्र बुडालं की हवा बंद होते, आतली ओढ एकदम वाढते आणि खटका सुटतो. म्हणजे नोझल किती आत खुपसलं, पेट्रोल किती जोरात सोडलं, फेस किती आला आणि गाडी कुठे कलली होती, या सगळ्यांवर पातळी ठरते. काही गाड्यांत जोराने सोडल्यावर पेट्रोल गळ्यातून उलटं उडतं आणि टाकी भरायच्या आधीच खटका होतो. म्हणून मी मध्यम वेगाने भरायला सांगतो. मागे रांग असेल तर हॉर्न ऐकून घ्यावे लागतात.

डिझेलला फेस जास्त येतो, तिथे हा फरक आणखी मोठा.

डॅशबोर्डवर आकडा येतोच, मग वही कशाला?

तो आकडा पेट्रोल मोजून येत नाही. इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलचा हिशेब मांडतो आणि चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर काढतो. हिशेब हुशारीचा आहे, पण बहुतेक वेळा थोडा गोड बोलणारा. वरच्या 1,804 किलोमीटरसाठी माझ्या डॅशबोर्डने 17.4 दाखवलं होतं, वहीत आलं 16.22. म्हणजे सात टक्के चढ.

तरी तो टाकाऊ नाही. ही सात टक्क्यांची चढ माझ्या गाडीत बऱ्यापैकी कायम आहे. म्हणून एखाद्या प्रवासापुरतं बघायचं असेल, तर मी डॅशबोर्डच्या आकड्याला 1.07 ने भागतो. तुमच्या गाडीचा भागाकार वेगळा निघेल, तो चार-पाच टाक्यांनंतर कळेल. आज कालच्यापेक्षा बरी चालवली का, एवढंच बघायला मात्र डॅशबोर्ड उत्तम.

लिटर तर नीट मोजले. किलोमीटर खरे कशावरून?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, म्हणून मला आवडतो. अंतर चाकाच्या फेऱ्यांवरून येतं आणि चाकाचा घेर बदलत असतो. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल, झिजून बदलायला आलेल्या टायरची 1.6. म्हणजे त्रिज्या सहा-साडेसहा मिलिमीटरने घटली. छोट्या गाडीच्या चाकाची त्रिज्या तीनशे मिलिमीटरच्या आसपास असते, तेव्हा हा फरक दोन टक्क्यांचा. छोटं झालेलं चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेऱ्या मारतं, ओडोमीटर जास्त किलोमीटर दाखवतं आणि ॲव्हरेज सुधारल्यासारखं वाटतं. नवे टायर टाकल्यावर "गाडी कमी द्यायला लागली" अशी तक्रार येते, त्यातली काही याचीच असते.

तपासायचं असेल, तर महामार्गावरचे किलोमीटरचे दगड किंवा फलक वापरा. घाट, बाह्यवळण, नवा उड्डाणपूल असलेला पट्टा घेऊ नका, कारण रस्ता बदलतो आणि दगड जुनेच राहतात. समृद्धी महामार्ग यासाठी छान, 701 किलोमीटर आणि बराचसा सरळ. बातम्यांत "चॅनेल क्रमांक" म्हणून जो आकडा येतो, तो तिथल्या किलोमीटरच्या फलकांवरचाच. ट्रिप मीटर शून्य करून पन्नास किलोमीटर जाऊ द्या आणि वाचायचं काम शेजारी बसलेल्याला द्या. माझं ट्रिप मीटर 51.3 दाखवत होतं. म्हणजे 16.22 ला 51.3 ने भागून 50 ने गुणायचं, खरा आकडा 15.81. जरा वाईट वाटतं, पण आहे ते आहे.

मोबाइलच्या जीपीएसवर सरळ रस्त्यात भरवसा ठेवायला हरकत नाही. घाटातली वळणं मात्र तो कापून जातो आणि बोगद्यात शिरलं की आंधळाच.

रिझर्व्हची लाइट लागल्यापासून पुन्हा लागेपर्यंत मोजलं तर?

अंदाज म्हणून ठीक. टाकीत पेट्रोलची पातळी सांगणारा तरंगता फ्लोट हेलकावे खातो. गाडी चढावर असेल तर लाइट आधी लागते, उतारावर असेल तर उशिरा, किंवा उलट. टू-व्हीलरला मेकॅनिक बाटली लटकवून शंभर मिली पेट्रोलवर गाडी बंद पडेपर्यंत चालवायचे, ते कार्ब्युरेटरच्या जमान्यात जमायचं. आजच्या कारमध्ये हा प्रयोग नको. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो आणि भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी कोरडी पाडलीत तर मोजमापाच्या नादात पंप जाळून बसाल.

पंपावरच माप कमी टाकत असतील तर?

शंका असेल तर मागा. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला 25 मिलीपर्यंतची चूक चालते, म्हणजे अर्धा टक्का. मी दोनदा मागितलं. दोन्ही वेळा आधी मॅनेजर तोंड वाकडं करून आला आणि दोन्ही वेळा माप बरोबर निघालं. गोल आकड्याऐवजी 1,010 रुपयांचं टाकलं म्हणजे फसवणूक टळते, ही समजूत आहे. त्यापेक्षा झीरो बघा आणि नजर मशीनवर ठेवा, गप्पा नंतर.

पहाटे पेट्रोल थंड असतं, जास्त मिळतं म्हणे?

पेट्रोल तापल्यावर फुगतं हे खरं, दहा अंशांना साधारण एक टक्का. पण पंपाच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात. सकाळ-दुपारने तिथलं तापमान फारसं हलत नाही. पहाटे जायचंच असेल तर रांग नसते म्हणून जा.

कंपनी 24 म्हणते, मला 16 येतं. फसवलं का?

त्यांनी वेगळी गोष्ट मोजली. पुण्यात वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या करणारी, 1966 साली सुरू झालेली एआरएआय ही संस्था आहे. कोथरूडकर फिरायला जातात त्या टेकडीला तिच्याच नावाने ओळखतात. तिथे किंवा तशाच दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पळवतात. किती सेकंदाला किती वेग, कुठे थांबायचं, सगळं आखलेलं. ते चक्र मूळ युरोपातलं, आपल्यासाठी बदललेलं. वेग 90 च्या वर जात नाही आणि एसी बंद. पेट्रोल मापाने मोजत नाहीत, धुरातला कार्बन मोजून त्यावरून काढतात. या आकड्याचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करायला. चांदणी चौकात पाऊण तास अडकलेल्या माणसाशी त्याचं काही नातं नाही.

ई20 आल्यापासून ॲव्हरेज पडलं, हे खरं का?

ई20 म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. ॲव्हरेज पडणार हे नक्की, प्रश्न कितीचा आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की एकूण ऊर्जा साडेसहा टक्क्यांच्या आसपास घटते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरली आहे आणि ई20 साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांसाठी एक ते दोन टक्के.

पण "माझं वीस टक्क्यांनी पडलं" म्हणणाऱ्यांना मी वही मागतो. वर बघितलंत, नुसता पंप बदलला तर एका टाकीत पाच-सहा टक्के इकडचे तिकडे होतात. सहा टक्क्यांचा फरक पकडायचा असेल तर आधीच्या चार-पाच टाक्या आणि नंतरच्या चार-पाच टाक्या हव्यात, शक्यतो त्याच ऋतूतल्या. मे महिन्यात एसी लावून मोजलेलं ॲव्हरेज डिसेंबरच्या आकड्याशेजारी ठेवून इथेनॉलला शिव्या देऊ नका. ऊस आपल्याच शिवारातला आहे.

घाट चढताना 8, उतरताना 30. म्हणजे सरासरी 19?

नाही, 12.6. चढाचे दहा किलोमीटर धरा, सव्वा लिटर गेलं. उताराचे दहा, एक तृतीयांश लिटर गेलं. वीस किलोमीटरला 1.58 लिटर. ॲव्हरेजचे आकडे एकमेकांत मिळवून दोनाने भागायचे नसतात. नेहमी एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर.

उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांसाठी एक निरोप. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की आजच्या गाड्या इंजिनाला पेट्रोल देणंच थांबवतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलपुरतं जळत राहतं. वर ब्रेकवर सगळा भार. कात्रज उतरून आल्यावर चाकाजवळ जळका वास येतो तो त्याचाच.

परदेशात 100 किलोमीटरला किती लिटर असं का सांगतात?

कारण खर्च त्यातच कळतो. 10 ची गाडी 12 द्यायला लागली तर हजार किलोमीटरमागे जवळपास 17 लिटर वाचतात. 20 ची 25 झाली तर दहाच लिटर. आपल्या पद्धतीत दुसरी सुधारणा मोठी वाटते. शंभराला तुमच्या ॲव्हरेजने भागलं की परदेशी आकडा मिळतो, माझा 6.2. अमेरिकेतल्या भाच्याने "मामा, माझी तीस देते" म्हटलं तर हुरळू नका. ते मैल आणि गॅलन आहेत, 0.425 ने गुणा, पावणेतेराच निघतील. इंग्लंडचा गॅलन मोठा, तिथे 0.354.

सीएनजीचं कसं मोजायचं?

पद्धत तीच, त्रास जास्त. सीएनजी किलोवर मोजतात आणि मशीन 200 बारच्या आसपास दाब झाला की थांबतं. भराभर भरताना सिलिंडरमधला वायू तापतो, तापला की दाब लवकर चढतो आणि आत माल कमी जातो. दुपारच्या उन्हात "फुल्ल" आणि पहाटे "फुल्ल" यात फरक पडतो तो इथे. गर्दीच्या वेळी स्टेशनवरच दाब कमी असला तर फुल्ल होतच नाही. म्हणून सीएनजीला चार भरण्या पुरत नाहीत, मी दहा धरायला सांगतो. त्यात बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, ते पेट्रोल वेगळं लिहायचं.

आणि किलोला 26 म्हणजे लिटरला 26 नव्हे. एक किलो पेट्रोल म्हणजे जवळपास 1.35 लिटर. त्या हिशेबाने 26 चे एकोणीसच होतात. खिशाला सीएनजी परवडतो तो मुख्यतः दरामुळे.

टायरमध्ये हवा भरल्याने किती फरक पडतो?

एक पीएसआय हवा कमी म्हणजे 0.2 टक्के नुकसान, असं ढोबळ गणित आहे. पाच पीएसआय कमी असेल तर एक टक्का. वहीत दिसणार नाही इतकं लहान, पण टायर कडेने झिजतो तो दिसतो. हवा सकाळी, टायर गार असताना बघा.

वही बरी की ॲप?

ॲप बेरीज चुकत नाही. मी वही ठेवतो, कारण गाडी बायकोही चालवते आणि तिला माझ्या फोनचा पासवर्ड द्यायचा नाही. ग्लव्ह बॉक्समध्ये शंभर पानी वही आणि शिसपेन्सिल. पेन ठेवू नका, मे महिन्यात उभ्या गाडीत त्याची शाई सगळ्या पावत्यांवर उतरते.